आखाडाचं मटण आणि दादाचं हरीण

आखाडाचं मटण दादानेच करायचं, हा आमच्याकडचा नियम आहे. श्रावण लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी सकाळी नवाच्या सुमारास तो माझ्या दारात उभा राहतो. एका हातात मटणाची पिशवी आणि दुसऱ्या हातात स्वतःचा मिक्सर, कारण माझ्या मिक्सरमध्ये वाटण बारीक होत नाही असं त्याचं गेली वीस वर्षं म्हणणं आहे. मग तो स्वयंपाकघराचा ताबा घेतो आणि मी, वहिनी आणि आमचे हे बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसारखे बसून राहतो. त्या आठवड्यात निम्मं पुणं हेच करत असतं. मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात, आणि पुढे महिनाभर मिळणार नाही म्हणून माणसं महिनाभराचं एका दिवसात खाऊन घेतात.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी चौथीत होते. आई एका दवाखान्यात आयाचं काम करायची, तिला रविवारचीही सुट्टी नसे. शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी स्टोव्हपुढे दादा बसायचा. कारखान्यात नुकताच लागला होता, नखांतलं काळं ग्रीस निघत नसे, तरी कांदा-खोबरं मात्र असं भाजायचा की शेजारचे विचारायला यायचे. मसाला घालायच्या आधी तो माझ्यासाठी वाटीभर अळणी रस्सा काढून ठेवायचा आणि कलेजीचा पहिला तुकडा मला द्यायचा. माझं शिक्षण त्याने केलं, लग्न त्याने लावून दिलं. आज त्याचा भोसरीत स्वतःचा कारखाना आहे आणि मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पण कलेजीचा पहिला तुकडा अजून मलाच मिळतो. हे सगळं सांगते, कारण पुढे मी ज्या माणसावर संतापले तो हा माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाडात वाटण भाजताना दादाने मला आत बोलावून माझ्या हातात त्याचा फोन दिला. जूनमध्ये तो कुणा परदेशी गिऱ्हाइकाबरोबर आफ्रिकेला जाऊन आला होता. आम्हाला वाटलं होतं गाडीत बसून सिंह बघायला गेलाय. फोटोत दादा गुडघ्यावर बसला होता, डोक्याला खाकी टोपी, शेजारी टेकवलेली बंदूक, आणि त्याचा हात एका मोठ्या हरणाच्या शिंगावर. कुडू म्हणतात त्याला. पिळदार, उंच शिंगं आणि अंगावर खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे. हरीण पाय मुडपून बसलं होतं, मान ताठ, जणू फोटोसाठीच थांबलं होतं.

बारावीच्या पोरांना तीस वर्षं प्राण्यांची शरीररचना शिकवलेल्या बाईला फार वेळ लागला नाही. त्या मानेखाली दगड लावलेला होता. जीभ आत खोचलेली होती. खांद्यावर गवताची पेंडी टाकली होती, आणि ती वाऱ्याने आली नव्हती. मी दादाला विचारलं तर त्याने अगदी मोकळेपणाने सांगितलं की तिथली माणसं ते सगळं करून देतात, रक्त पुसतात, तोंड धुतात, फोटो नीट यावा म्हणून. डोकं तिथेच भुसा भरायला दिलंय, सहा-आठ महिन्यांत कागदपत्रं झाली की येईल, ऑफिसात टेबलाच्या मागे लावायचं आहे. हे सांगताना तो कढईतलं खोबरं परतत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच दादाने लहानपणी मला पेशवे पार्कात खांद्यावर बसवून हरणं दाखवली होती. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. इथे ससा मारलास तरी आत टाकतील म्हणून लांब जाऊन मारून आलास, हे मात्र बोलले. मेल्यावर तोंड धुवायची वेळ येते असं काम करावंच कशाला, असंही विचारलं. वहिनी उठून आत आल्या. हे बाहेरून कान देऊन ऐकत होते, पण मध्ये पडले नाहीत. छत्तीस वर्षांच्या संसारात तेवढं ते शिकलेत.

दादा चिडला नाही. त्याचं म्हणणं होतं की ते हरीण म्हातारं होतं, कळपातून बाहेर पडलेलं. मांस तिथल्या वस्तीने खाल्लं, कणभरही वाया गेलं नाही. शिकारीला येणाऱ्या माणसांमुळेच ते जंगल टिकलंय, नाहीतर तिथे केव्हाच शेती झाली असती. हे सगळं त्याला तिकडच्या कुणीतरी पढवलेलं होतं हे उघड दिसत होतं, पण पुढचं तो त्याचं स्वतःचं बोलला.

"नऊ वर्षं मोकळं हिंडलं ते," तो म्हणाला. "एका गोळीत गेलं. तू दर बुधवारी कोंबडी आणतेस, ती किती दिवस जगते? तूच शिकवतेस ना?"

मी शिकवते. बारावीच्या पुस्तकात पशुपालनाचा भाग आहे, त्यात कुक्कुटपालन येतं. ब्रॉयलर जात, जलद वाढ, सहा आठवड्यांत विक्रीस तयार. हे मी फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतलंय. स्वतःच्या स्वयंपाकघरात कोणीतरी आपलाच धडा आपल्या तोंडावर फेकावा, याची मला सवय नव्हती. उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवते. ही माझी खोड आईपासून सगळ्यांना माहीत होती.

"ते डोकं तुझ्या भिंतीवर लागलं तर यापुढे मी तुझ्या हातचं खाणार नाही," मी म्हणाले. "नको म्हणून कळव, मग पहिल्यासारखी खाईन. शब्द देते."

दादाने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघितलं. आई गेली त्या दिवशीही तो असाच बघत होता. तेवढ्यात वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, वन्संचा श्रावण चार दिवस आधीच लागला." हे बाहेरून हसले. दादाही हसला. माझ्यापुरतं पिठलं केलं गेलं, आणि माझ्या समोर बसून तिघांनी मटण खाल्लं.

आमच्या लोकांची ही अशी सोय आहे. पुण्यात आखाडाच्या शेवटी एखाद्याने मटणाला नाही म्हटलं तर त्याला कुणी कारण विचारत नाही, कारण कारण भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं. दुसऱ्या दिवशी, दादाचं कोंबडीचं बोलणं डोक्यात असताना, मी स्टाफरूममध्ये एकीच्या डब्यातलं चिकन नाकारलं तर शेजारच्या बाई म्हणाल्या, अगंबाई, तुमचाही श्रावण का, आमचा गणपती बसेपर्यंत असतो. मी म्हटलं, श्रावण नाही, कारण वेगळं आहे. त्या म्हणाल्या, हो हो, ज्याचं त्याचं, आणि डबा दुसरीकडे सरकवला. मी एका माणसाशी भांडण मांडलं होतं, आणि लोकांनी ते उचलून व्रतवैकल्यांत टाकलं. महिनाभर जीव घ्यायचा नाही, मग घ्यायचा, मग पितृपंधरवड्यात आपापल्या रितीने काय ते, मग नवरात्रात पुन्हा नाही. प्राण्याला हे वेळापत्रक कुणी सांगितलंय? दादाच्या हरणावर तोंडसुख घेणारे आमचे कितीतरी नातेवाईक निघाले, फोटो ग्रुपवर गेल्यावर सगळ्यांनी रडके चेहरे टाकले. त्यातल्या एकाने त्याच दिवशी सकाळी तंगड्यांच्या परातीचा फोटो टाकला होता, आणि त्याला सगळ्यांनी टाळ्या दिल्या होत्या.

राखीला मी दादाकडे गेले. राखी न बांधण्याइतकं भांडण आमच्या घरात आजवर झालेलं नाही. ओवाळताना त्याने हळूच विचारलं की राग गेला का, तर वहिनींनीच उत्तर दिलं, अहो, अजून श्रावण आहे ना. मला ते इतकं लागलं की मी नारळीभात न खाता निघाले.

मग मी ठरवलं की दादाचं तोंड बंद करायचं. कोंबडीचं जगणं त्याच्या हरणापेक्षा वाईट, हे त्याने जे सुचवलं ते खोटं निघेल, निदान अर्धं खोटं निघेल, अशी माझी खात्री होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन कात्रजचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या एका गावात राहते. तिच्या सासरी कोंबड्यांची शेड आहे. मी तिला फोन केला. आधी ती टाळत होती, मॅडम, तुम्ही घरी या ना, शेडवर काय बघायचंय. मी हट्ट धरला. एका शनिवारी ती मला हायवेवरच्या थांब्यावर स्कूटर घेऊन न्यायला आली.

शेडला कुलूप होतं. आत जाण्याआधी तिने मला चपला काढायला लावून गुलाबी औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला लावले, रोग आत जाऊ नये म्हणून. दार उघडलं आणि वास असा आला की डोळ्यांतून पाणी आलं. लांबच लांब शेड, जमिनीवर भाताचं तूस, आणि त्यावर पांढरा रंगच रंग. एकही कोंबडी पळाली नाही. आम्ही चालत गेलो तसतशा त्या दोन पावलं सरकायच्या आणि पुन्हा बसायच्या. काहींच्या पोटाखाली पिसंच नव्हती, नुसती लाल कातडी, बसून बसून झालेली. पाच आठवड्यांचं पाखरू, आवाज अजून पिल्लाचा आणि अंग एवढं मोठं की पायांना पेलत नव्हतं. एक उताणी पडून पाय झाडत होती. मी वाकून तिला सरळ करायला गेले.

"ऱ्हाऊ द्या मॅडम, ती उठत नाय," माझी विद्यार्थिनी म्हणाली. कॉलेजात असताना ती माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायची, तिच्या शेडमध्ये मात्र तिने तसली फिकीर केली नाही. "जडपणानं छातीत कळ येती आन उलटी पडती. रोज सकाळी बादली भरती असल्यांची."

तिने ती कोंबडी पायाला धरून उचलली आणि दाराशी ठेवलेल्या बादलीत टाकली. बादलीत आधीच सहा-सात होत्या, एकदोघी अजून हलत होत्या. मी काहीतरी बोलले, बहुतेक हे बरोबर नाही असं काहीतरी. ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो मला अपेक्षित नव्हता.

"तुमीच शिकवलं होतं ना मॅडम. जलद वाढ, फायदे लिहा, पाच मार्क. मला पाचपैकी पाच दिले होते तुमी," ती म्हणाली. "हिचे पाय का वाकतात, ते नव्हतं इचारलं पेपरात."

मग तिने मला घरी नेलं, चहा दिला, सासूला सांगितलं की या माझ्या कॉलेजच्या मॅडम, लई चांगलं शिकवायच्या. मी चहा प्यायले. तिला मी काय बोलणार होते? तिने मला बोलावलं नव्हतं. ती जे करते ते माझ्यासाठी करते, माझ्या बुधवारसाठी, आणि बादलीसुद्धा माझ्याच वतीने उचलते. वर तिनेच नाक दाबणाऱ्या शहरातल्या बाईची समजूत काढायची.

परत येताना घाट चढणाऱ्या बसमध्ये मला दादाचा भयंकर राग आला. त्याच्या हरणाचा नव्हे, तो बरोबर होता याचा. कुडूला नऊ वर्षं मिळाली, डोंगर मिळाला, पळायला पाय मिळाले. बादलीतल्या त्या पाखराला पाच आठवड्यांत एकदाही ऊन मिळालं नव्हतं. पण म्हणून दादा सुटत होता का? त्याला भूक नव्हती. त्याला डोकं हवं होतं, टेबलाच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसेल असं. आणि मला तरी कुठे भूक होती? आमच्या घरात डाळ आहे, दूध आहे, भाज्या आहेत. मला चव हवी होती. त्याने स्वतः चाप ओढला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. मी आयुष्यभर दुसऱ्याकडून चाप ओढवून घेतला आणि मलाही लाज वाटली नव्हती, कारण मी तिथे नव्हते. यात श्रेष्ठ कोण ते ठरवायला बसले तर माझ्या बाजूने एकच मुद्दा निघत होता, की मी फोटो काढला नाही. एवढ्याशा भांडवलावर मी त्याला स्वयंपाकघरात उभं करून झापलं होतं.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं की आता कोंबडी बंद. यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "अंड्यांचं काय ठरलं तेवढं सांग, उद्याचा नाश्ता त्यावर आहे." मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. अंड्यांचं माझं अजूनही ठरलेलं नाही, आणि हे लिहिताना मला त्याची शरम वाटते.

गणपती झाले, पितृपंधरवडा झाला, नवरात्र झालं. दसऱ्यानंतर तीन दिवसांनी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं न बोलता त्याने सांगितलं की त्या लोकांना कळवून टाकलंय, डोकं पाठवू नका. त्या डोक्यासाठी त्याने भिंत रंगवून घेतली होती, वर छोटा दिवासुद्धा बसवला होता, हे वहिनींनी मला राखीला सांगितलं होतं. मी विचारलं, मग आता त्याचं काय होईल. तो म्हणाला, लावतील तिकडेच कुणाच्या तरी हॉटेलात. मग म्हणाला, "तुझं आणि माझं असं राहायला नको. रविवारी येतोय."

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. फोन ठेवल्यावर मी रडलेसुद्धा. आणि लगेच आठवलं की मी शब्द दिला होता. त्याने त्याचं पाळलं होतं, आता माझी पाळी होती. चार दिवस मी मनाशी वाक्यं जुळवत होते. दादा, मी आता काहीच खात नाही. दादा, गोष्ट तुझ्या हरणाची राहिलेली नाही. यांतलं एकही वाक्य त्या रंगवलेल्या रिकाम्या भिंतीपुढे टिकत नव्हतं. त्याने आणखी कारणं न मागता ते डोकं सोडून दिलं होतं. मी त्याला कारणं सांगून नाही म्हणणार होते.

रविवारी नवाला तो आला, हातात पिशवी आणि मिक्सर. यांनी त्याला शेडची हकिगत फोनवर सांगून ठेवली होती, त्यामुळे त्याने दारातच सांगून टाकलं की कोंबडीचा प्रश्नच नाही. आदल्या दिवशी तो सासवडच्या बाजूला एका धनगराच्या वाड्यावर स्वतः गेला होता. माळावर हिंडलेला बोकड होता, त्याने स्वतः पसंत केला, त्याच्यासमोर कापला.

"मोकळा जगलाय," तो म्हणाला. "आता तुझी तक्रार राहू नये."

हे त्याने इतक्या मायेने केलं होतं की त्याला दिसतही नव्हतं तो काय बोलतोय. त्या बोकडाच्या बाजूने जे होतं तेच सगळं कुडूच्या बाजूने होतं. मोकळं हिंडलं, एका क्षणात गेलं, मांस वाया जाणार नाही. हे मान्य करायचं तर आखाडात मी भांडले कशाला? आणि अमान्य केलं असतं तर साठी ओलांडलेला माझा भाऊ दोन तास गाडी चालवून, उन्हात उभा राहून आणलेली ती पिशवी घेऊन परत गेला असता. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनाही या वेळी श्रावणाचं नाव घेता आलं नाही.

तो आत गेला. कांदा भाजल्याचा वास आला, खोबऱ्याचा आला, त्याने मिक्सर सुरू केला. मी बाहेर बसून स्वतःवर चिडत होते, कारण वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्या बोकडाचं आमच्याशी काय देणंघेणं होतं? आम्हा भावाबहिणीत एका हरणावरून बेबनाव झाला, आणि तो मिटावा म्हणून सासवडच्या माळावरचा एक जीव गेला. हरीण भिंतीसाठी मेलं आणि हा बोकड समेटासाठी. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं. हे उठून स्वयंपाकघरात जाऊन बोलायला हवं होतं. मी उठले नाही.

साडेबाराला ताटं मांडली. दादाने सगळ्यांच्या आधी माझ्या ताटात वाढलं, वर कलेजीचा तुकडा ठेवला आणि स्वतः न जेवता समोरच्या खुर्चीवर बसला. त्याच्या हाताला हळद लागलेली होती. मी भाकरी मोडली. मी थांबले तर तो उठेल आणि काही न बोलता मिक्सर पुसून पिशवीत भरेल, हे मला ठाऊक होतं. मी खाल्लं.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"छान झालंय, दादा," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि मला संताप त्याचाच येतो.